आठव्या घरातला मंगळ

मला मंगळ आहे हे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत माझ्याआधी सगळ्यांना माहीत होतं. मला कळलं ते सातवीत. आई शेजारच्या काकूंबरोबर ज्वारी निवडत बसली होती आणि म्हणाली, "सगळं चांगलं आहे हो हिचं, फक्त आठवा मंगळ." गोवर निघाला आहे असं सांगावं तशा आवाजात ती हे म्हणाली, म्हणून मी आत जाऊन आरशात तोंड बघितलं, दंड बघितले. कुठे काही पुरळ नव्हतं.

ज्यांच्या घरी पत्रिका बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पत्रिकेत बारा घरं. त्यांतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ बसला की मुलगी मंगळी. मंगळी मुलीशी लग्न केलं की नवरा जातो. मुलगा मंगळी असेल तर बायको जाते. आठवं घर मरणाचं, म्हणून तिथला मंगळ सगळ्यांत वाईट. उपाय एकच, मंगळीनं मंगळ्याशी लग्न करायचं. मग दोन बैलांची शिंगं एकमेकांत अडकावीत तसे ते दोन मंगळ अडकून पडतात आणि माणसं सुखानं नांदतात. निदान सांगतात तरी असं.

माझे बाबा तार ऑफिसात कारकून होते आणि वेळेचा त्यांना भारी गर्व. मनगटावरचं घड्याळ ते रोज ऑफिसच्या घड्याळाशी मिळवायचे. गल्लीतले लोक मंगलाष्टकांच्या आधी त्यांना टाइम विचारायला यायचे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असताना, ज्येष्ठात, मी घरीच जन्मले. सुईणीनं आतून हाक मारली आणि बाबांनी मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी घड्याळ बघितलं. सव्वासहा. मी तीन-चार वर्षांची झाल्यावर, लढाई संपल्यावर, बाबांनी ती वेळ गल्लीतल्या जोशीबुवांना दिली. त्यांनी पत्रिका केली आणि मंगळ आठव्या घरात निघाला. चार-पाच मिनिटांची चूक असली तर मंगळ हलेल का, असं आईनं विचारल्यावर जोशीबुवा हसून म्हणाले होते, "वहिनी, साहेबांच्या घड्याळात कसली चूक?"

त्या मंगळापायी मी पोरवयापासून मंगळवार केले. आई सांगायची म्हणून करायची आणि संध्याकाळी उपास सोडताना तिच्याशी भांडायची. पुढे बी.एस्सी. झाले, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी मंगळवार चालूच. वर्गात मी मुलींना सांगायची की मंगळावर तांबडी धूळ आहे, म्हणून तो लाल दिसतो. आणि त्याच दुपारी डब्यात साबुदाण्याची खिचडी. शाळेतली माझी मैत्रीण बौद्ध घरातली. छप्पन्न सालापासून त्यांच्याकडे पत्रिका, मुहूर्त सगळं बंद. ती माझ्या डब्यात डोकावून म्हणायची, "काय गं, तुमचा तो मंगळ आमच्या वस्तीकडे येत नाही का कधी? रस्ता खराब आहे म्हणून?" मी हसायची. पण खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

स्थळं यायची आणि जायची. एकांनी पोहे दोनदा मागून घेतले, लाडवांची कृती विचारली, आणि पत्रिका बघितल्यावर बसल्या जागेवरून उठले. एका बाईंनी तर मला पाणी देतानासुद्धा ग्लास खाली ठेवायला सांगितलं. मंगळ हातातून लागतो अशी त्यांची कल्पना असावी. त्या गेल्यावर मी इतकी संतापले की बाबांच्या कपाटातलं पंचांग काढलं आणि पत्रिका करायला शिकले. शिव्या द्यायच्या तर नीट माहिती घेऊन द्याव्यात, असं माझं म्हणणं. सूर्योदय, लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, तिथून मोजायची घरं, सगळं गणित बसवलं. एक मान्य करायला हवं, ग्रह आकाशात कुठे आहे हे सांगण्यात पंचांग चुकत नाही. मी बाबांना म्हटलं, "मंगळ कुठे आहे हे यांना बरोबर कळतं. पण माझा नवरा कधी मरणार हे त्यांना कोणी सांगितलं?" बाबा म्हणाले, "तू पेपर तपास." त्यांच्याजवळ उत्तर नसलं की ते मला पेपर तपासायला सांगत.

वर्तमानपत्रात तेव्हा मंगळाचे जवळून घेतलेले फोटो छापून आले होते. खड्डेच खड्डे. मी ते आईपुढे धरले. म्हटलं, "हा बघ तुझा मंगळ. याला माझ्या लग्नाशी काय घेणं आहे?" आईनं चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "एवढा मार खाल्ल्यावर कोणीही चिडकं होणारच."

मग ते स्थळ आलं. मुलगा खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर, तिथल्याच कॉलनीत क्वार्टर. वडील नव्हते. आई नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली, संत्र्याचा छोटा बगिचा विकून मुलाजवळ राहायला आलेली. तो बिजवर होता. पहिली बायको लग्नानंतर वर्षाच्या आत गेली होती. तो मंगळी, ती नव्हती. लोकांनी दोन आणि दोन चार केले. म्हणून आता त्यांना मंगळीच मुलगी हवी होती.

आईला बिजवर म्हणून वाईट वाटलं. मला नाही वाटलं. तो बघायला आला तेव्हा त्यानं मला स्वयंपाकाचं विचारलं नाही, गाणं विचारलं नाही. "प्रयोगशाळेत मुली फार परीक्षानळ्या फोडतात का?" असं विचारलं. मी म्हटलं, "मुली नाही फोडत. शिपाई फोडतो आणि मुलींवर ढकलतो." तो तोंड फिरवून हसला. मला तो आवडला. फार आवडला. पंचविशी गाठलेल्या मुलीनं असं म्हणू नये अशी तेव्हा पद्धत होती, म्हणून आज म्हणून घेते.

साखरपुडा मार्गशीर्षात झाला. लग्न वैशाखात ठरलं. मधल्या काळात आम्ही दोनदा तेलंगखेडीच्या बागेत भेटलो. त्याची आई बरोबर यायची आणि आमच्याकडे पाठ करून बाकावर वाटाणे सोलत बसायची. तो म्हणायचा, "माझा मंगळ बारावा, तुझा आठवा. म्हणजे घरात तूच वरचढ." मी म्हणायची, "मग बदली करून घेऊ." आम्ही दोघं विज्ञान शिकलेले, आणि ज्या गोष्टीमुळे एकत्र आलो तिचीच चेष्टा करत होतो. मला वाटायचं, मंगळ त्याच्या आईला हवा आहे, त्याला नाही.

जानेवारीत एका रविवारी आई माझ्या लग्नासाठी तीळ-खसखस निवडून डब्यांत भरत होती आणि जुन्या गोष्टी सांगत होती. सांगता सांगता माझ्या जन्मावर आली. "तू झालीस तेव्हा बाहेर उजाडलंही नव्हतं. सुईण एका हातात कंदील धरून होती. तू रडलीस नि मग कुठे कोंबडा आरवला."

मी पाटावर बसून पेपर तपासत होते. म्हटलं, "कितीला झाले मी?"

"सव्वासहाला. पत्रिकेत आहे की."

"ज्येष्ठात? आई, ज्येष्ठात नागपूरला साडेपाचला सूर्य उगवतो. सव्वासहाला अंगणात ऊन येतं. कंदील कशाला हवा?"

"ते मला काय माहीत? कंदील होता. त्याची काच तडकलेली होती, मला चांगलं आठवतं."

बाबा बाहेरच्या खोलीत दाढी करत होते. मी जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुझी आई तेव्हा शुद्धीत होती का? घड्याळ आदल्याच दिवशी ऑफिसशी मिळवलं होतं. मिनिटाचा फरक नाही." आणि वस्तरा गालाला लावून ते तसेच थांबले. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. मग हळूच म्हणाले, "तेव्हा टाइम पुढे होता."

लढाईच्या काळात सरकारनं देशातली सगळी घड्याळं तासभर पुढे केली होती. दिवसाचा उजेड वाचवायला. लढाई संपल्यावर ती परत मागे आली आणि लोक विसरून गेले. बाबांचं घड्याळ ऑफिसचं, म्हणजे सरकारचं, म्हणजे तासभर पुढचं. बाबांनी वेळ अचूक लिहिली, पण ती वेळच सरकारी होती. सूर्याच्या हिशेबानं मी सव्वापाचला जन्मले होते. बाबांच्या जागी एखादा आळशी माणूस असता आणि त्यानं "उजाडायच्या आधी" एवढंच सांगितलं असतं, तर पत्रिका बरोबर झाली असती.

मी पंचांग घेऊन बसले. गणित मला येत होतंच. वेळ तासभर मागे नेली तशी मिथुन लग्नाच्या जागी वृषभ लग्न आलं, सगळी घरं एकानं सरकली, आणि मंगळ आठव्यातून नवव्यात गेला. नववं घर भाग्याचं. तिथल्या मंगळाला कोणी विचारत नाही. मी पुन्हा करून बघितलं. तेच. मी मंगळी नव्हतेच कधी.

आधी मला हसू आलं. इतक्या मंगळवारांची खिचडी, इतकी उठून गेलेली माणसं, त्या बाईंचा खाली ठेवलेला ग्लास, आणि सगळं एका तासापायी. मग हसता हसता मी थांबले. कारण तो मंगळी होता. त्याचं लग्न बिगरमंगळी मुलीशी झालं की काय होतं हे एकदा झालेलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकवत होते, न्यूटनचे नियम मुलींकडून घोकून घेत होते, आणि मला भीती वाटत होती. मरणाची. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. या सगळ्यावर माझा विश्वास नव्हता हे खरं, आणि मी घाबरले हेही खरं. ही दोन्ही माणसं एकाच अंगात राहू शकतात हे मला तेव्हा कळलं.

बाबा जोशीबुवांकडे गेले. बुवा आता फार म्हातारे झाले होते, पण त्यांनी गणित करून तेच उत्तर दिलं. म्हणाले, "ग्रह बरोबर होते साहेब. घड्याळ चुकलं." बाबा घरी येऊन खुर्चीत बसले आणि रडले. "माझ्या हातानं मी तुझ्या कपाळी मंगळ लिहिला," म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं. आईला मात्र एवढंच कळलं होतं की तिची मुलगी निर्दोष निघाली आणि आता ती एका मंगळ्याच्या घरात चालली आहे. ती उठून आत गेली, डब्यांतले तीळ परत पोत्यात ओतले आणि म्हणाली, "हे लग्न होणार नाही. माझी पोर बिनलग्नाची घरात बसली तरी चालेल मला. पण ती असली पाहिजे."

हे लपवायचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. बाबा दुसऱ्याच दिवशी खापरखेड्याला जाऊन सगळं सांगून आले. आठवड्याभरात निरोप आला. "क्षमा करा. हे जमणार नाही." मला वाटलं, त्याच्या आईनं मोडलं. मी मनातल्या मनात त्या बाईला इतकी नावं ठेवली की काही विचारू नका. पुत्रप्रेमानं आंधळी, खेडवळ, जुनाट, आणखी कितीतरी.

त्याच आठवड्यात ती बाई आमच्या दारात सायकलरिक्षातून उतरली. एकटीच. हातात संत्र्यांची पिशवी. आईनं पाणी दिलं पण बसा म्हटलं नाही. ती आपणच बसली.

"पोरीले बोलवा," म्हणाली. मी समोर आले. "तुले काय वाटलं, म्या मोडलं?"

मी पाट ओढून तिच्यासमोर बसले.

"म्या नाही मोडलं. त्यानं मोडलं. मंगळीच पाहिजे, हे पहिल्यापासून त्याचंच म्हणणं होतं. माह्या नावावर खपवलं त्यानं, इंजिनिअर माणसानं असं म्हटलं तर लोक हसतील म्हणून." तिनं संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. "ती पहिली कावीळ होऊन गेली. त्या साली कॉलनीतल्या पाण्यात घाण आली होती, चार घरी कावीळ होती. म्या तिचं सगळं केलं, म्या पाह्यलं. डॉक्टर उशिरा आणला, हे खरं. मंगळ मीही मानते. पण कावीळ ती कावीळ. त्याले हे सांगतलं तर तो उठून जाते. त्याच्या डोक्यात बसलं आहे का आपण तिले मारलं."

आई म्हणाली, "मग आता तुम्ही काय म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. जीव हिचा आहे. हिनं म्हणावं. तिकडे येऊन त्याच्याशी बोल वं तू एकदा. मग नाही म्हटलं तरी चालते."

मी शाळेला दांडी मारून एस.टी.नं खापरखेड्याला गेले. आई तोंड फिरवून बसली होती, पण तिनं थांबवलं नाही. कॉलनीतल्या झाडांच्या पानांवर राख बसलेली, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख. तो पहिल्या पाळीहून घरी आला होता. मला बघून दारातच उभा राहिला. त्याची आई म्हणाली, "काहून उभा आहे? बस." आणि आत चहा टाकायला गेली.

मी त्याला सरळ म्हटलं, "तुम्ही हे मानता?"

"नाही."

"मग?"

"मी नाही मानत. पण ती गेली." तो खाली बघत होता. "तुला ताप आला तरी मी काय करीन मला माहीत नाही. रोज असं जगणं तुला जमेल का? तुझी पत्रिका तशीच राहिली असती तर बरं झालं असतं. तू कशाला गणित केलंस?"

मला इतका राग आला. म्हटलं, "येत होतं म्हणून केलं. आणि ऐका, भीती मलाही वाटली. दोन दिवस मला घास गेला नाही. पण घरी बसूनही भीती वाटणारच आहे, आणि तिथे मी एकटी असेन. इथे घाबरायला दोघं तरी असू."

तो उठून खिडकीशी गेला. बाहेर वीज केंद्राची घरघर चालू होती. मग त्यानं एकच गोष्ट मागितली, आणि मागताना त्याचे कान लाल झाले होते. लग्नाआधी त्याला अर्कविवाह करायचा होता. म्हणजे रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. पुरुषाचा मंगळ मग त्या झाडावर जातो, आणि नंतर येणारी बायको वाचते. वीज केंद्रात टर्बाइन सांभाळणारा माणूस झुडपाशी लग्न लावायची परवानगी मागत होता. मी हो म्हटलं. माझं काय जात होतं? आणि खरं सांगू का, मला बरंही वाटलं.

राखेच्या तलावापलीकडे रुईची झुडपं पुष्कळ. भटजी कुरकुरले की शास्त्रात हे तिसऱ्या लग्नाच्या वेळी सांगितलं आहे, पण दक्षिणा बघून तयार झाले. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "नीट मंत्र म्हणून लावलं ना? सूत गुंडाळलं?" गुंडाळलं म्हटल्यावर तिनं तीळ परत निवडायला घेतले. माझ्या मैत्रिणीला कळलं तर ती स्टाफरूममध्ये हसून हसून खाली बसली. "सवत कशी आहे मग? हिरवी?" लग्नाला मात्र ती सगळ्यांच्या आधी आली.

आम्ही सुखानं राहिलो. दोघांनाही माझ्या जिवाची भीती होती, आणि ती आम्ही आपापल्या शिक्षणाप्रमाणे वापरली. घरात पाणी वीस मिनिटं उकळल्याशिवाय कोणाच्या ओठाला लागलं नाही. उन्हाळ्यात चुलीपुढे घाम गाळत सासूबाई म्हणायच्या, "मंगळाले पाण्यात शिजवून राहिलो आपण." मला शिंक आली की तो थर्मामीटर आणायचा. दोन्ही बाळंतपणांना त्यानं मला महिनाभर आधी नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याजवळ नातेवाइकांकडे ठेवलं, स्वतः पाळ्या बदलून रोज यायचा. देवीची, पटकीची, धनुर्वाताची, जी लस निघाली ती मला आधी. डोळे पिवळे दिसतात का म्हणून तो मला सकाळी खिडकीशी उभं करायचा. सुरुवातीला मी चिडायची. नंतर सवय झाली, आणि आवडायलाही लागलं. कोणी आपल्याकडे रोज इतकं निरखून बघावं, हे किती बायकांच्या वाट्याला येतं?

सासूबाई मंगळवार करायच्या. माझ्यासाठी. मी सोडून दिले होते. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाणी तू उकळ, उपास मी करतो. दोन्हीकडून झालं पाहिजे." माझी आई दर भेटीत माझं वजन हातानं अजमावायची. मुलं मोठी झाली तशी तीही मला विचारायची, "आई, तू औषध घेतलं?" घरातलं प्रत्येक माणूस माझ्यावर नजर ठेवून होतं.

तो मात्र कधी डॉक्टरकडे गेला नाही. जिने चढताना थांबायचा. म्हणायचा, कोळशाची धूळ आहे छातीत, सगळ्यांनाच असते इथे. खांदा दुखायचा तर म्हणायचा, पंख्याखाली झोपलो. सासूबाई ओवा द्यायच्या. मी बाम लावायची. ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात पहिल्या पाळीला गेला आणि तिथेच, पंपाजवळ, खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. अजून पन्नाशीही आली नव्हती.

मला त्या दिवसांतलं फार आठवत नाही. आठवतं ते एवढंच की घर बायकांनी भरलेलं होतं आणि मी भिंतीला टेकून बसले होते. महालातल्या जुन्या काकू आल्या होत्या. साखरपुड्याआधीची पत्रिका त्यांना ठाऊक होती, नंतरची नव्हती. कोणाला कशाला कळवली असती? त्या शेजारणीजवळ कुजबुजल्या, पण कुजबुज ऐकू जाईल इतकीच हळू. "आठवा मंगळ होता ना हिला. बिचारा."

मी ऐकलं. मला वाटलं, आता हे जन्मभर. नातसुनांच्या तोंडातसुद्धा हेच. मी शिकवलेलं सगळं विज्ञान माझ्याजवळ होतं आणि तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

सासूबाई कोपऱ्यात पडल्या होत्या. दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्या हातांवर जोर देऊन उठून बसल्या.

"तिले मंगळ नव्हता," म्हणाल्या. "सरकारचं घड्याळ पुढे होतं. मंगळ माह्या पोराले होता. हे माहीत असून ही त्याच्या घरात आली, आपला जीव मुठीत घेऊन. जायची पाळी हिची होती, समजलं?"

काकूंनी पदर डोक्यावर ओढला आणि थोड्या वेळानं उठून गेल्या. हळूहळू बाकीच्याही गेल्या. खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी सरकत सरकत सासूबाईंजवळ गेले आणि त्यांचा हात धरला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या.

"त्याच्या पत्रिकेत त्याले काहीच धोका नव्हता वं," त्या म्हणाल्या. "आपण सारे तुह्याकडंच पाहत राहिलो. त्याच्याकडे कोणी पाह्यलंच नाही."